घाण पाण्याच्या दोन बादल्या

आमच्या गावात मासा जिवंत घरी आला की पुढे त्याचं काय होणार, हे सगळ्यांना ठाऊक असे, बहुधा माशालाही. आम्ही ढिवर. भंडाऱ्याकडच्या एका तलावाच्या काठाला घर, कुडावर जाळी वाळत घातलेली, आणि संध्याकाळी सगळ्या आळीत एकाच रश्श्याचा वास. त्यामुळे मुंबईत मी काय काम करतो हे आईला फोनवर पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा तिला ते पटेचना.

"लोकायच्या घरी काचेच्या पेटीत मासोळ्या असतेत. त्या मी सांभाळतो," मी म्हणालो.

"मंग खातेत कवा?"

"खात नाहीत."

"मंग पाळतेत कायले?"

कशाला ते पाळणाऱ्यांना ठाऊक. पण लालबाग, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, इकडे दादर आणि तिकडे गिरगावपर्यंत मिळून चाळीसेक घरांतले टँक माझ्याकडे आहेत. खांद्यावर पाइपाचं वेटोळं, हातात बादली, बादलीत जाळी, ब्रश आणि औषधांच्या बाटल्या. सगळ्या इमारतींचे वॉचमन मला 'मच्छीवाला' म्हणतात. रजिस्टरमध्येही तेच लिहितात. नाव गुणवंत आहे हे फार थोड्यांना माहीत आहे.

या अंकाच्या संपादक ताईंचा टँकही माझ्याकडे आहे. "तुम्ही बोलता तसंच लिहा, शुद्धलेखनाचं आम्ही बघू," त्या म्हणाल्या, म्हणून धाडस केलं. मी आठवीत शाळा सोडली. बाबांच्या पायाला इजा झाली आणि जाळं ओढायला घरात दुसरा माणूस नव्हता. त्यानंतर एवढं लांबलचक मी कधी लिहिलेलं नाही. चुका असतील. त्या पाण्याच्या बाबतीत नसाव्यात, एवढी काळजी घेतली आहे.

पाण्याचं म्हणतो, कारण हे काम पाण्याचं आहे, माशांचं नाही. लालबागला एका जिन्याखाली अन्वरभाईंचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. मुंबईत मला कोणी उभं केलं असेल तर त्या माणसानं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "मछली तो कोई भी पाल लेगा. तू पानी पालना सीख." मला वाटलं, दुकानदार आहेत, बोलण्यात वजन आणतात. वर्षभरानं कळलं की त्यांनी सगळा धंदा एका वाक्यात सांगून टाकला होता.

मासा ज्या पाण्यात खातो त्याच पाण्यात घाण करतो. तलावात ते चालतं, तलाव मोठा असतो. तीन फुटांच्या काचेत मात्र त्या घाणीचं विष होतं. त्याला अमोनिया म्हणतात. ते दिसत नाही. पाणी आरशासारखं स्वच्छ असतं आणि मासा त्यात गुदमरत असतो. पण टँक महिना-दीड महिना चालला की फिल्टरच्या स्पंजात आणि तळाच्या खड्यांत बारीक जीव वस्तीला येतात, आणि ते हे विष खाऊन टाकतात. तो तपकिरी, बुळबुळीत, वास येणारा स्पंज बघून तुम्हाला शिसारी येते ना, तोच खरा टँक. काच, लाइट, प्लास्टिकचा किल्ला, बुडबुडे सोडणारा शिंपला ही सगळी नुसती सजावट.

म्हणून स्पंज नळाखाली धरायचा नाही. टँकमधलंच थोडं पाणी बादलीत काढायचं आणि त्यात तो दोनदा पिळायचा, बस. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही. आठवड्याला चौथा हिस्सा पुरतो. साबण तर टँकच्या आसपासही नको. नवा टँक घेतलात तर त्याच दिवशी पिशवीभर मासे आणू नका. आधी दोन-तीन चिवट मासे सोडा, महिनाभर त्यांना अगदी थोडं घाला, आणि मग बाकीचे आणा. हे मी सांगतो आणि कोणी ऐकत नाही. रिकाम्या टँककडे महिनाभर बघत बसायला माणूस तयार नसतो. पोरं तर नाहीच नाहीत.

खाण्याचंही तसंच. मासा कधी पोट भरलं म्हणत नाही. तुम्ही काचेजवळ गेलात की तो शेपूट हलवतो, आणि तुम्हाला वाटतं बिचारा उपाशी आहे. दोन मिनिटांत संपेल तेवढंच घाला. आठवड्यातून एक दिवस काहीच घालू नका. लालबागच्या एका आजींनी यासाठी गुरुवार ठरवला, कारण त्यांचाही गुरुवार असतो. त्यांचे मासे ठणठणीत आहेत.

आता ही सगळी माहिती मी इतक्या सहज देतोय, पण बरीच वर्षं मी हे कोणालाच सांगत नव्हतो. माहीत नव्हतं असं नाही. भीती वाटायची. समोर डॉक्टर, इंजिनीअर, बँकेतले साहेब, आणि मी 'बॅक्टेरिया' म्हणणार. त्यांनी उलटा प्रश्न विचारला तर? 'शिक्षण किती?' एवढंच विचारलं तरी संपलं. म्हणून मी फक्त हुकूम सोडायचो. याला हात लावू नका. ते तसंच राहू द्या. कशाला, ते विचारू नका. लोकांना वाटायचं, माणूस मोठा जाणकार दिसतो, कमी बोलतो.

गिरगावातल्या एका घरी वास्तूच्या सल्ल्यानं आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश होता, दीड फुटाच्या टँकमध्ये. नऊ गोल्डफिशना दीड फूट म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत लग्नाचं वऱ्हाड. त्यातला काळा सारखा मरायचा, आणि तिथले आजोबा मला फोनवर समाधानानं सांगायचे, "गेला हो काळा. घरावरचं काहीतरी स्वतःवर घेऊन गेला." त्या वर्षी त्या घरावरचं बरंच काही गेलं. मी चार काळे पोचवले आणि तोंडातून शब्द काढला नाही. आजोबांची श्रद्धा कशाला दुखवा, असं मी मनाशी म्हणत होतो, पण ते खरं नव्हतं. पुढे कधीतरी बोललो, त्यांनी पाच मासे नातेवाइकांना वाटले, आणि आताचा काळा तीन वर्षं मजेत आहे. आजोबा मात्र थोडे काळजीत असतात. "आता घरावरचं कोण घेणार?" म्हणतात.

उलट परळला एका टॉवरमध्ये एक साहेब होते. ते माशांना फिल्टरचं आरओ पाणी घालायचे. "मी पितो तेच त्यांना देतो," म्हणायचे. भावना चांगली होती. पण त्या पाण्यातले क्षार निघून गेलेले असतात, आणि माशाला ते लागतात. माझ्या पाहण्यात चाळीतले मासे टॉवरमधल्या माशांपेक्षा जास्त जगतात. चाळीत पहाटे पाणी येतं, लोक पिंपं भरून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यातलं क्लोरीन उडून जातं. टॉवरमध्ये चोवीस तास नळ. उघडला की सरळ टँकमध्ये.

पण मला सांगायचंय ते सावंत काकांच्या मास्तरचं.

सावंत काका करी रोडच्या चाळीत राहायचे. तरुणपणी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर एका इमारतीच्या पाण्याच्या पंपावर लागले, तिथूनच रिटायर झाले. मूळ मालवणकडचे. त्यांच्याकडे ऑस्कर जातीचा एक मासा होता. काळपट अंगावर केशरी डाग, वीतभर लांब, आणि चेहरा असा की तुम्ही गृहपाठ केलेला नाही हे त्याला कळलंय. म्हणून काकांनी त्याचं नाव मास्तर ठेवलं. नऊ वर्षांचा होता. खरं तर एवढ्या माशाला तो टँक लहानच, पण काकांनी त्याला दुसरा सोबती न ठेवता आणि पाणी कधी न चुकवता जगवला होता. काका हातानं गोळी द्यायचे. मास्तर ती घ्यायचा, थुंकायचा, काकांकडे बघायचा, आणि मग परत घ्यायचा. रोज असंच.

चाळ पाडायची ठरली. रस्त्यापलीकडच्याच प्लॉटवर टॉवर उभा राहिला आणि त्यात काकांना एकविसाव्या मजल्यावर घर मिळालं. सगळी चाळ खूश. एकटे काका सोडून. त्यांच्या मिसेस, म्हणजे काकू, मला म्हणाल्या, "याचं काय ते तूच बघ बाबा. ह्यांचं म्हणणं, मास्तर नीट पोचणार असेल तर मी येतो. नाहीतर बिल्डर आला तरी खाटेवरून उठणार नाही."

त्या हसत म्हणाल्या, पण काका हसले नाहीत. मी घाबरलो. रिकामा टँक हलवायला दोन माणसं पुरतात, पण मासा हलवायचा म्हणजे त्याचं पाणी आणि त्याची वस्ती दोन्ही हलवावी लागतात. मी सगळं ठरवलं. रविवारी सकाळी वास्तुशांत होती. त्याआधी मास्तरला झाकणाच्या पिंपात घालून, बॅटरीचा पंप लावून, हातगाडीवरून रस्त्यापलीकडे न्यायचं. आदल्या दिवशीच मी मास्तरला टँकच्या पाण्यासकट पिंपात ठेवला आणि उरलेलं पाणी दोन बादल्यांत काढलं, एकीत स्पंज आणि फिल्टर, दुसरीत खडे. काकूंना सांगितलं, "ह्या दोन बादल्यांना हात लावायचा नाही. झाकून ठेवा. उद्या अशाच वर न्यायच्या."

"काय आहे त्यात?"

"घाण पाणी आहे. पण राहू द्या."

एवढंच बोललो.

रविवारी घरात गर्दी. गुरुजी, पाहुणे, दूध उतू घालायची तयारी. मी मास्तरला घेऊन वर पोचलो तेव्हा टँक जागेवर होता, खडे पसरलेले, आणि फिल्टर बसवलेला. "मुलानं लावला," काकू म्हणाल्या. "तुझं काम हलकं केलं." मी नव्या पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब घातले, मास्तरला सोडला, मोटर चालू केली. पाणी काचेसारखं. मोटर सुरू आहे, मासा पोहतोय, आणि गुरुजी जागा मोकळी करा म्हणतायत. फिल्टरचं झाकण मी उघडून पाहिलं नाही. प्रसाद घेतला आणि निघालो. काका नव्या घरात टँकसमोर खुर्ची टाकून बसले होते, पूजेकडे पाठ करून.

बुधवारी दुपारी त्यांचा फोन आला. "तो वर येऊन तोंड मारतोय. खात नाही."

मी दादरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात होतो, तिथलं काम अर्धं टाकून गेलो. मास्तर पाण्याच्या पृष्ठभागाला लागून होता, कल्ले भराभर हलत होते, रंग उडून राखाडी झाला होता. काचेच्या नळीत पाणी घेऊन मी औषधाचे थेंब टाकले. पाच मिनिटं थांबायचं असतं. पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. दोन मिनिटांतच ते गडद हिरवं झालं. मग फिल्टर उघडला. स्पंज पांढराशुभ्र होता, दुकानातून आणल्यासारखा.

"काकू, हा धुतला का?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "धुतला म्हणजे! साबण लावून तीनदा धुतला. खडे उकळत्या पाण्यातून काढले. नव्या घरात कलश जायचा, तांदूळ जायचे, देव जायचे, आणि त्यांच्याबरोबर दोन बादल्या घाण? शेजारणी काय म्हणतील? ता पाणी मियाच मोरीत ओतलंय."

काका वळलेच नाहीत. काचेकडे बघतच म्हणाले, "हिला सवयच आहे. घासल्याशिवाय झोप नाही हिला. आता घास त्यालाही."

काकूंच्या चेहऱ्यावरचं सगळं गेलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसाला कधी उलट बोलल्या नसतील असं नाही, रोजच बोलत असतील. पण त्या वेळी पदर बोटाला गुंडाळत राहिल्या.

मला सांगायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणाला मला बरं वाटलं. चूक माझी नव्हती. मी हात लावू नका म्हटलं होतं, यांनी लावला. गप्प राहिलो असतो तर मास्तर गेल्यावरही काकांच्या घरी माझं काम चालू राहिलं असतं. उरलेली सगळी वर्षं काकूंनी ते ओझं वाहिलं असतं.

"काका, चूक काकूंची नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "मी त्यांना घाण पाणी म्हणून सांगितलं. घाण पाणी नव्या घरात कोण नेईल? त्यात काय आहे ते मी सांगितलंच नाही. आणि रविवारी झाकण उघडून बघितलंही नाही."

"का नाही सांगितलंस?" काकांनी विचारलं.

"मला नीट सांगता येत नाही म्हणून."

काका पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "मग आता सांग."

मी सांगितलं. अडखळत, हात हलवत. दिसत नाहीत असे जीव, स्पंजात राहतात, विष खातात, साबणानं आणि उकळत्या पाण्यानं मेले, नवे तयार व्हायला महिना लागतो, आणि तोवर मासा टिकणार नाही. बॅक्टेरियाही म्हणालो, कसाबसा. काकू एकेक पाऊल पुढे येत टँकपाशी आल्या.

"म्हणजे विरजण," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अरे, दह्याचं भांडं घासून लख्ख केलं, वर ताजं दूध घातलं, तर त्याचं दही लागेल काय? थोडं विरजण मागे ठेवायला लागतं. मी ते घासून टाकलं. हेच ना?"

इतकी वर्षं जे मला सांगता येत नव्हतं ते या बाईनं दोन वाक्यांत सांगितलं होतं. मी नुसती मान हलवली.

"मग असा उभा काय राहिलास? विरजण संपलं तर माणूस शेजारून वाटीभर आणतो. चाळीस घरं आहेत ना तुझ्याकडे?"

खरं म्हणजे हे मला माहीत होतं. अन्वरभाई नव्या टँकमध्ये जुन्या टँकचा स्पंज पिळायचे. पण भीतीनं डोकं बंद झालं की माहीत असलेलंही आठवत नाही. आधी मी अर्धं पाणी बदललं. ते कुठून आणायचं हा प्रश्न होता, कारण नळाचं ताजं पाणी या अवस्थेत नको होतं. काकूंनी गॅलरीत नेऊन दाखवलं: चाळीतलं निळं पिंप, काठोकाठ भरलेलं. मुलगा म्हणाला होता, आई, इथे चोवीस तास पाणी आहे, हे टाकून दे. त्यांनी टाकलं नव्हतं, आणि रोज पहाटे सवयीनं भरत होत्या. वापर नसल्यानं त्यातलं बहुतेक पाणी कालपरवाचं होतं. ह्याहून चांगलं पाणी त्या दिवशी मला अख्ख्या टॉवरमध्ये मिळालं नसतं.

मग मी चिंचपोकळीला गेलो, कांबळे मॅडमकडे. चालत, जवळजवळ पळतच. मॅडम एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहेत. चाळीतल्या त्यांच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली गप्पी आणि मॉलींचा टँक आहे, सहा वर्षांचा, माझ्या सगळ्या टँकांत सगळ्यात निरोगी. दर वेळी त्या मला बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगतात, आणि दर वेळी मी पुढच्या वर्षी म्हणतो.

"आज बुधवार आहे. तू शुक्रवारचा. फॉर्म भरलास की काय?"

"मॅडम, तुमचा अर्धा स्पंज पाहिजे."

मी हकिगत सांगितली. आता विरजण म्हणूनच सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. "बरोबर. कल्चर," म्हणाल्या. "हे तू मला सहा वर्षांत एकदाही बोलला नाहीस. मला वाटायचं, तुला माहीत नाही, तू नुसता हात लावू नका म्हणतोस." कात्री आणली आणि तो तपकिरी स्पंज स्वतः मधोमध कापला. "माझ्यांना अर्धा पुरेल?"

"आठवडाभर थोडं कमी घाला. पुरेल."

"मग ने. टिफिनच्या डब्यात टाक, टँकचंच पाणी घाल. सुकू देऊ नकोस."

करी रोडला परतताना डबा पोटाशी धरला होता, आणि मनात वेगळीच भीती. नवं घर, वास्तुशांत होऊन तीन दिवस झालेले, आणि मी परक्या घरची घाण आत नेतोय. कोणाच्या घरची, हेही विचारतील. लहानपणी आमच्या आईच्या हातची मासोळी गावात सगळे घ्यायचे, पण पाणी सगळे घेत नव्हते. विचारल्यावर पुढे जी शांतता होते ती मला ओळखता येते.

काकूंनी विचारलंच. "कोणाकडून आणलंस?"

"चिंचपोकळीच्या कांबळे मॅडमकडून."

त्या थांबल्या. मी डब्याचं झाकण उघडू की नको अशा अवस्थेत.

"त्यांच्या माशांना काही होणार नाही ना?" काकूंनी विचारलं. "आमचं निस्तरताना त्यांचे जायला नकोत."

"नाही होणार."

"मग घाल लवकर."

मी मास्तरच्या पाण्यातच स्पंज पिळला, टँकमध्ये तपकिरी ढग पसरला, आणि उरलेला तुकडा फिल्टरमध्ये बसवला. काका म्हणाले, "मेला आता." काकू म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा. तुम्हाला दही लावता येतं?" माझा डबा त्यांनी घासला. घासताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे चालेल ना घासलेलं?" आणि त्यात खोबऱ्याच्या वड्या भरून मॅडमसाठी दिला. मॅडमनी त्या लॅबमध्ये वाटल्या असं नंतर कळलं.

पण एका पिळण्यानं काही दही लागत नाही. पुढचे नऊ दिवस मी रोज जात होतो. कामाच्या वाटेवर असो-नसो. पिंपातल्या पाण्यानं रोज थोडं पाणी बदलायचं, खायला काही नाही, आणि नळीत थेंब. दुसऱ्या दिवशी हिरवं. तिसऱ्या दिवशी हिरवंच. काका आणि काकू एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. "तिला विचार, पिंप भरलंय का." "त्यांना सांग, भरलंय." चौथ्या दिवशी मास्तर तळाशी एका कुशीवर टेकला होता. मी काचेला टिचकी मारली, आणि त्यानं एक डोळा फिरवला. काका त्या दिवशी जेवले नाहीत, असं काकूंनी मला लिफ्टपर्यंत येऊन हळूच सांगितलं. "गुणवंता, तो वाचेल ना? नाही वाचला तर हे बोलणार काहीच नाहीत. तेच मला नको आहे."

मी वाचेल म्हणालो नाही. खोटं बोलायचं नाही असं त्या बुधवारी ठरवलं होतं. "प्रयत्न चालू आहे," म्हणालो, आणि लिफ्टमध्ये शिरलो.

सहाव्या दिवशी नळीतला रंग पोपटी. सातव्या दिवशी तसाच, पण मास्तर उभा पोहत होता. नवव्या दिवशी मी थेंब टाकले, घड्याळ लावलं, आणि आम्ही तिघं त्या नळीकडे बघत उभे राहिलो. बाहेर कुठल्या तरी मजल्यावर ड्रिलिंग चालू होतं. पाच मिनिटं झाली. मी नळी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली, कारण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता. पिवळी.

"पिवळी म्हणजे?" काकूंनी विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"म्हणजे एक गोळी द्या."

काकांनी डबी उघडली, आणि मग ती काकूंच्या पुढे केली. काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग हात पदराला पुसला, एक गोळी उचलली आणि बोटांत धरून पाण्याच्या वर नेली. मास्तर वर आला. त्यानं गोळी घेतली, थुंकली, आणि काकूंकडे त्या त्याच्या चेहऱ्यानं रोखून बघितलं. मग खाली जाणारी गोळी त्यानं वळून परत घेतली.

"माशाक चलला हो माझ्या हातचा पाणी," काकू काकांना म्हणाल्या. सरळ त्यांनाच.

"नऊ दिवस उपाशी होता, काहीही चाललं असतं," काका म्हणाले. "चहा टाक. ह्यालाही टाक."

मी चहा प्यायलो की नाही ते आठवत नाही. प्यायलो असेन. पाइप गुंडाळला, बादली उचलली, लिफ्टनं खाली आलो आणि गेटपाशी रजिस्टरवर सही करायला वाकलो.

"अरे मच्छीवाले, चप्पल किधर है?" वॉचमननं विचारलं.

मी खाली बघितलं. दोन्ही पाय अनवाणी. चपला एकविसाव्या मजल्यावर, काकांच्या दाराबाहेर.

"ऊपर रह गई," मी म्हणालो.

"तो ले के आ."

"हां, जाता हूं," म्हणालो, आणि थोडा वेळ तसाच उभा राहिलो.